दात येणाऱ्या बाळासाठी घरी शिवलेली गार पट्टी

दुधाचा दात हिरडीतून वर येऊ लागला की त्या जागी हिरडी सुजते, शिवशिवते आणि बाळ हाताला येईल ती वस्तू तोंडात घालून चावू पाहते. बहुतेक बाळांना खालचे पुढचे दोन दात सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागतात. काहींना चौथ्या महिन्यात, तर काहींना वर्ष उलटल्यावर पहिला दात येतो, आणि दोन्ही गोष्टी स्वाभाविकच आहेत. साधारण तीन वर्षांपर्यंत २० दुधाचे दात पुरे होतात. या काळात हिरडीला आराम पडतो तो मुख्यतः दोन गोष्टींनी: हलका दाब आणि माफक गारवा. ओली, गार, जाडसर सुती पट्टी चावायला दिली की दोन्ही गोष्टी एकदम मिळतात. अशी पट्टी एका दुपारी घरी शिवता येते आणि तिला खर्चही फारसा येत नाही. मात्र ती बाळाच्या तोंडात जाणार असल्यामुळे शिवताना नेहमीपेक्षा जास्त काटेकोरपणा हवा.

सर्वांत आधी ठरवायचे ते एवढेच की या पट्टीच्या आत काहीही भरायचे नाही. शेकण्यासाठी किंवा गारव्यासाठी शिवलेल्या घरगुती पिशव्यांत तांदूळ, जवस किंवा डाळ भरतात, आणि आपल्याकडे तान्ह्या बाळासाठी मोहरीची उशी शिवण्याची पद्धत असल्यामुळे तशीच एखादी छोटी उशी गार करून द्यावी, असे घरातील मोठ्या माणसांना सहज सुचते. मोठ्यांच्या दुखऱ्या मानेसाठी धान्याची पिशवी चांगली आहे, चावणाऱ्या बाळासाठी नाही. लाळेने भिजलेली शिवण सतत चावली गेली की केव्हा तरी उसवतेच, आणि बाहेर आलेला एक दाणाही श्वासनलिकेत अडकू शकतो. शिवाय ओल लागलेल्या धान्याला आत बुरशी येते किंवा मोड फुटतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. गारव्याच्या दृष्टीनेही धान्याचा फायदा नाही, कारण तेवढ्याच वजनाचे पाणी कोरड्या धान्याच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते. म्हणून आपल्या पट्टीत गारवा धरून ठेवण्याचे काम कापडात मुरलेले पाणी करील, आणि पट्टी कोठे फाटलीच तरी आतून कापडाशिवाय दुसरे काही निघणार नाही.

कापड निवडताना

बाहेरच्या थरासाठी मऊ, शुद्ध सुती, न रंगवलेले कापड घ्यावे. दाट विणीची मलमल उत्तम. त्याखालोखाल माझी पसंती साध्या पांढऱ्या पंचाला आहे. तो चार-सहा वेळा धुतला गेला की मऊ होतो, पाणी चटकन शोषतो आणि लवकर वाळतो. आतल्या गाभ्यासाठी पांढऱ्या टर्किश नॅपकिनचा तुकडा लागेल. मांजरपाट घेतले तर त्याची खळ पूर्ण निघेपर्यंत ते गरम पाण्यात धुवावे.

जुन्या सुती साडीचे कापड बाळासाठी वापरण्याची आपली रीत चांगली आहे. दुपटी आणि गोधड्या त्यातूनच होतात. परंतु तोंडात घालायच्या वस्तूसाठी ती साडी कोठे ठेवलेली होती, याची चौकशी अवश्य करावी. ट्रंकेत किंवा कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले कापड या कामासाठी अजिबात घेऊ नये. त्या गोळ्यांतील नॅप्थलीन कापडात मुरून राहते, आणि ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटून कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे बहुतेक घरांत ठाऊक नसते, त्यामुळे धोका न पत्करणेच योग्य. जरीचे, काठाला रेशीम किंवा कृत्रिम धागा असलेले आणि रंग जाणारे कापडही वगळावे. रंगाची शंका असल्यास ओल्या पांढऱ्या फडक्याने ते कापड जोरात घासून पाहावे. फडक्यावर किंचितही छटा उतरली, तर ते कापड नको.

दोरा मजबूत, पांढरा आणि नवा असावा. शिवणकामाचा चांगला पॉलिएस्टर दोरा उकळूनही आटत नाही, म्हणून तो चालतो. रिळाला बरेच दिवस झाले असतील तर हातभर दोरा ओढून पाहावा. जुना सुती दोरा पटकन तुटतो. बटण, मणी, लेस, नाडी, घुंगरू, वेल्क्रो यांपैकी काहीही लावू नये. पट्टी कपड्याला अडकवण्यासाठी बंद शिवण्याचा मोह होतो, पण तो बंद गळ्याभोवती किंवा बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो.

कापण्यापूर्वी सगळे कापड साध्या साबणाने धुऊन दहा मिनिटे उकळावे, वाळवावे आणि इस्त्री करावे. सुती कापड पहिल्या उकळीत आटते, आणि टर्किश कापड मलमलीपेक्षा जास्त आटते. हे आधी केले नाही तर शिवलेली पट्टी पहिल्याच धुण्यात गोळा होते.

माप आणि कापणी

ही पट्टी २० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद होईल. तिचा अर्धा भाग जाड असेल आणि तोच भिजवून गार करायचा आहे. दुसरा अर्धा भाग पातळ असेल व तो कोरडाच ठेवायचा, म्हणजे बाळाला तो मुठीत धरता येतो आणि त्याचे हात गारठत नाहीत. बाळे ओली, थंड वस्तू बरेचदा टाकून देतात ती हाताला गार लागते म्हणून. तोंडाला तो गारवा हवाच असतो. याहून लहान माप घेऊ नये. छोटे, पातळ फडके बाळ पूर्ण तोंडात कोंबू शकते, आणि ते घशापर्यंत जाऊ शकते.

बाहेरच्या थरासाठी २२ बाय १२ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापावेत. चारही बाजूंना एक सेंटिमीटर शिवणीसाठी धरलेला आहे. चारही कोपरे छोट्या वाटीची कड ठेवून गोल आखावेत आणि कापावेत. टोकदार कोपरा टाळूला टोचतो, शिवाय तेथे कापडाचा गठ्ठा होऊन शिवण नीट बसत नाही. टर्किश कापडाचा १९ बाय साडेनऊ सेंटिमीटरचा एक तुकडा कापून त्याची मधोमध घडी घालावी, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरचा दुपदरी चौकोन मिळेल. घडीच्या बाजूचे दोन कोपरे गोल कापावेत आणि दोन्ही पदर एकत्र धरून चौकोनाच्या सगळ्या कडेला काजे टाका, म्हणजे बटणाच्या काजाला घालतात तसा कडेला वेढणारा टाका, घालावा. टर्किश कापडाच्या कापलेल्या कडेतून फासे सुटत राहतात, त्यामुळे हा टाका वगळू नये. मशिनवर नागमोडी टीप असेल तर ती दोन वेळा मारली तरी चालेल.

शिवण

टाचण्या वापरण्यापूर्वी मोजाव्यात, तो आकडा कागदावर लिहावा आणि काम संपल्यावर पुन्हा मोजाव्यात. लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या चांगल्या कारखान्यांत सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत काम पुढे नेत नाहीत, आणि घरातही हाच नियम पाळावा. तुकडा सापडला नाही तर ती पट्टी टाकून द्यावी.

बाहेरच्या एका तुकड्याच्या उलट बाजूवर, एका टोकाकडे, गाभा ठेवावा. त्याची घडी टोकाच्या दिशेला असावी आणि तिन्ही बाजूंनी साधारण सव्वा सेंटिमीटर जागा मोकळी राहावी. मोठ्या धावदोऱ्याने तो तेथे तात्पुरता टाचून घ्यावा. आता बाहेरचे दोन्ही तुकडे सुलट बाजू आतमध्ये येईल असे एकमेकांवर ठेवावेत, टाचण्या लावाव्यात आणि कडेपासून एक सेंटिमीटर आत टीप मारावी. गाभा या शिवणीत येत नाही, त्यामुळे कडा जाड होत नाही. पातळ अर्ध्या भागाच्या लांब, सरळ बाजूला पाच सेंटिमीटरची फट मोकळी सोडावी. गोलाईवर फट ठेवली तर ती नंतर सफाईने बंद होत नाही. मशिनवर टाका दोन मिलिमीटरचा ठेवावा आणि सुरुवातीला व शेवटी मागे-पुढे टीप मारून दोरा पक्का करावा. हाताने शिवणाऱ्यांनी साधा धावदोरा वापरू नये. येथे उलटी टीपच हवी, म्हणजे दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन घातलेली टीप, कारण धावदोऱ्याचा एक टाका तुटला की सगळी ओळ ओघळते, तर उलट्या टिपेत शेजारचे टाके बराच वेळ धरून ठेवतात. पहिल्या टिपेच्या बाहेर, कडेच्या बाजूला, दोन मिलिमीटरवर दुसरी टीप मारावी.

शिवणीबाहेरचे कापड सहा मिलिमीटरपर्यंत कापून कमी करावे, मात्र फटीपाशी ते तसेच राहू द्यावे. गोल कोपऱ्यांवर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर छोटे काप द्यावेत. काप टिपेला लागता कामा नयेत. मग फटीतून पट्टी सुलट करावी, पेन्सिलीच्या बोथट टोकाने कोपरे बाहेर काढावेत आणि इस्त्री फिरवावी. फटीच्या कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी ती बंद करावी.

पट्टीला खरी मजबुती येते ती यानंतरच्या टिपांनी. कडेपासून तीन मिलिमीटरवर संपूर्ण पट्टीभोवती एक टीप, आणि आठ मिलिमीटरवर दुसरी. जाड भागात या दोन्ही टिपा गाभ्यातून जातात, त्यामुळे गाभा कायमचा जागेवर बसतो. मग गाभा जेथे संपतो तेथे, म्हणजे साधारण मधोमध, आडव्या दोन टिपा जवळजवळ माराव्यात. शेवटी जाड भागावर दोन-दोन सेंटिमीटर अंतराने उभ्या आणि आडव्या टिपा घालून चौकटी कराव्यात. गोधडीला जसे सगळे थर एकत्र बांधलेले असतात तसेच येथे होते. या चौकटींचा दुहेरी उपयोग आहे. कापड एका जागी फाटले तरी गाभ्याचा तुकडा सुटून बाहेर येत नाही, आणि पट्टीला थोडा ताठपणा येऊन ती तोंडात गोळा होत नाही. हिरडीला घासायला टिपांची बारीक वळेही मिळतात. हाताने चौकटी घालणार असाल तर दुहेरी दोरा आणि अंगुस्तान वापरावे, कारण चार थरांतून सुई ढकलताना बोट दुखावते.

दोऱ्याची टोके पृष्ठभागावर कापू नयेत. सुईत ओवून ती थरांच्या मधून तीन-चार सेंटिमीटर आत न्यावीत आणि मग कापावीत. तात्पुरता धावदोरा काढून टाकावा.

वापरण्यापूर्वीची तपासणी

टाचण्या मोजून झाल्या की पट्टीवरून साधा लोहचुंबक दोन्ही बाजूंनी फिरवावा. शीतकपाटाच्या दारावर लावतात तसला चुंबकही पुरतो. मग पट्टी दोन्ही हातांनी लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने जोर लावून ओढावी, शिवण दोन अंगठ्यांनी ताणावी आणि उजेडासमोर धरून पाहावी. शिवणीत टाक्यांची भोके मोठी होऊन उजेड दिसू लागला तर त्या जागी टीप पुन्हा मारावी. पुढे प्रत्येक वेळी बाळाला देण्यापूर्वी हीच ओढून पाहण्याची तपासणी करावी. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. शेवटी पट्टी एकदा उकळून, वाळवून घ्यावी.

गार कशी करावी

पाणी उकळून पूर्ण निवलेले असावे. त्यात फक्त जाड भाग बुडवून भिजवावा आणि एकही थेंब गळणार नाही इतका घट्ट पिळावा. थोडी ओल कोरड्या भागाकडे उतरते, पण नीट पिळले असेल तर मुठीचे टोक कोरडेच राहते. पट्टी घट्ट झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या डब्यात ठेवून डबा शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात अर्धा ते एक तास ठेवावा. कच्चे मांस, मासे किंवा न धुतलेली भाजी ठेवतो त्याच्या जवळ तो नको.

बर्फाच्या कप्प्यात ही पट्टी ठेवू नये. तेथे साधारण उणे १८ अंश सेल्सिअस तापमान असते, ओले कापड फळीसारखे कडक होते आणि आधीच सुजलेल्या हिरडीला ते खरचटते. ओठाला किंवा जिभेला चिकटूनही बसते. शीतकपाटातील चार-पाच अंशांचा गारवा हिरडीसाठी पुरेसा आहे. बाहेरून गालाला बर्फ लावण्याचा उपायही टाळावा. तान्ह्या बाळाच्या गालात चरबीचा थर भरपूर असतो आणि ती चरबी थंडीला लवकर प्रतिक्रिया देते; बर्फ लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी गालावर लालसर, टणक गाठ येऊ शकते. ती काही आठवड्यांत आपोआप जाते, पण तोवर घरच्यांना घोर लागतो.

शीतकपाट नसेल तरी अडत नाही. उकळून निवलेल्या पाण्यात भिजवून पिळलेली पट्टी छोट्या स्टीलच्या डब्यात ठेवावी, डब्याभोवती ओले जाड फडके गुंडाळावे आणि तो वारा येणाऱ्या खिडकीत, सावलीत, तासभर ठेवावा. फडक्यातील पाण्याची वाफ होताना डब्यातील उष्णता खेचली जाते. माठातील पाणी याच कारणाने गार होते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय फार चांगला चालतो. कोकणातील दमट हवेत पाण्याची वाफ मंद गतीने होते, त्यामुळे तेथे गारवा कमीच मिळतो.

सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी देत नाहीत, म्हणून त्या वयात पट्टी आईच्या काढलेल्या दुधात भिजवून पिळावी. दुधाची पट्टी शीतकपाटात अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नये, आणि वापरून होताच धुवावी. सुकलेले दूध टर्किश कापडात राहिले की आंबते.

बाळाला देताना

पट्टी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. ती सुखद गार वाटली पाहिजे, झोंबता कामा नये. बाळाला मांडीवर सरळ बसवून जाड टोक त्याच्या ओठांपाशी न्यावे आणि तोंडात घ्यायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. बाळ लहान असेल तर कोरडे टोक आपणच धरावे. पाच-दहा मिनिटांत पट्टीचा गारवा जातो, तेव्हा ती काढून घ्यावी. पाळण्यात, झोळीत, गाडीतील आसनात किंवा बाळ झोपेला आलेले असताना पट्टी देऊ नये, आणि ती त्याच्याजवळ सोडून स्वयंपाकघरात जाऊ नये. एकदा तोंडात गेलेली पट्टी पुन्हा गार करायला ठेवायची नाही. ती धुण्यात जाते. म्हणूनच चार-पाच पट्ट्या एकदम शिवाव्यात. लाळेने हनुवटी आणि मान लालसर होते, तेव्हा लाळेरे बदलत राहावे आणि कातडी घासण्याऐवजी टिपून कोरडी करावी.

पट्टीला मध लावून देण्याची सूचना कोणी केली तर ती नम्रपणे नाकारावी. एक वर्षाखालील बाळाला मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. टाकणखाराची (बोरॅक्सची) लाही मधातून हिरडीला लावण्याची जुनी चालही सोडून द्यायला हवी, कारण वारंवार पोटात गेलेल्या टाकणखारामुळे तान्ह्या मुलांना झटके आल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. हिरडी बधिर करणाऱ्या मलमांबाबतही तसेच आहे. बेंझोकेन असलेली मलमे दोन वर्षांखालील मुलांना लावू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता धोकादायक रीतीने घटू शकते. मलम लाळेबरोबर लगेच गिळले जाते, त्यामुळे हिरडीला त्याचा उपयोगही अल्पच होतो.

पट्टीने जे बरे होत नाही, त्याकडे दात म्हणून पाहू नये. दात येताना बाळ किरकिरते, त्याची लाळ गळते, झोप मोडते. पण ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, पातळ जुलाब किंवा वारंवार उलट्या दातांमुळे होत नाहीत. आपल्या घरांत ‘दात येताहेत, जुलाब व्हायचेच’ असे सहज म्हटले जाते, आणि त्या एका वाक्यामुळे उपचाराला उशीर होतो. सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, वरचे अन्न सुरू होते आणि बाळ सगळे काही तोंडात घालू लागते. जंतुसंसर्गाचा काळ आणि दातांचा काळ असे एकत्र येतात. जुलाब झाले तर अंगावरचे दूध सुरू ठेवावे, ओआरएस द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

धुणे, वाळवणे आणि बाद करणे

वापरलेली पट्टी लगेच साध्या पाण्यात चोळून लाळ काढावी, बिनवासाच्या साबणाने धुवावी, भरपूर पाण्यातून काढावी आणि दहा मिनिटे उकळावी. कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये. त्याचा थर कापडावर राहतो, तो तोंडात जातो आणि कापडाची पाणी शोषण्याची ताकदही कमी करतो. कडक उन्हात पट्टी दोन-तीन तासांत वाळते. मधला गाभा वाळला की नाही, हे जाड भाग गालाला लावून कळते: आत ओल असेल तर तो किंचित गार लागतो.

पावसाळ्यात हीच अडचण मोठी होते, विशेषतः किनारपट्टीला. दुपदरी टर्किश गाभा दोन दिवस ओलसर राहतो आणि त्याला कुबट वास येतो. त्या महिन्यांसाठी गाभ्याऐवजी पंचाचेच चार पदर घालून पट्टी शिवावी. ती गारवा थोडा कमी वेळ धरते, पण पंख्याखाली एका रात्रीत वाळते. वर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवली की उरलेली ओलही जाते. काळे ठिपके दिसले किंवा धुऊनही वास राहिला, तर ती पट्टी उकळून वाचवण्याच्या खटाटोपात पडू नये.

दोन-तीन दात वर आले की कापडावरचा ताण एकदम वाढतो, कारण आधी नुसत्या हिरडीने चावणारे बाळ आता कापड कुरतडू लागते. सुटलेला फासा, तुटलेला टाका, विरलेली जागा यांपैकी काहीही दिसले की पट्टी बाद करावी. रफू केलेली पट्टी पुन्हा तोंडात देऊ नये. वर्ष-सव्वा वर्षानंतर दाढा येऊ लागतात, आणि त्यांच्या जोरापुढे हे कापड टिकत नाही, तेव्हा या पट्ट्यांचा वापर थांबवावा. नात्यात दुसरे बाळ आले तर जुन्या पट्ट्या पुढे देण्याऐवजी कागदावर उतरवलेली मापे आणि न वापरलेले धुतलेले कापड द्यावे.